डाव्या पंखाखालचा चौकडा

आधी चकाकी, दोब्रावा.
मॅट रंग नुसता दिसायला गुळगुळीत;
भिंगातून बघ, सगळा खडबडीत चुना.
त्याच्यावर डेकल बसवलंस तर खाली हवा कोंडते
आणि उद्या खिडकीशी नेलं की
प्रत्येक अक्षराभोवती माशाच्या खवल्यासारखी चांदी.
म्हणून वार्निशचे दोन पातळ हात. दोनच.
रात्रभर डब्याखाली झाकून ठेव
आणि फुंकर मारू नकोस,
थुंकी उडते.

आता कात्री. कडेचा पारदर्शक पापुद्रा
राहील तितका कमी राहू दे.
कोमट पाणी, चहाच्या बशीत.
वीस आकडे मोज, मग टिपकागदावर ठेव, आणि गप्प बस.
कागद आपणहून सोडतो त्याला.
ओढलंस तर फाटेल.
हे मला संसारात उमगलं नाही,
या टेबलाशी उमगलं.

‘येथे पाय देऊ नये’, ‘येथून ढकलू नये’,
मुंगीच्या पायाएवढ्या बेचाळीस सूचना झाल्या.
शेपटीवरचे दोन चौकडे झाले,
पंखांवरचे दोन, उजव्याखालचा एक.
पाच झाले.
हा सहावा काटकोनात फिरव.

हो, माहितीय पत्रकात काय छापलंय ते.
पांढरं घर आधी. बरोबरच छापलंय.
फिरव तू.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात वॉर्साहून कागद आला:
चौकड्याची घरं बदला, पहिला मान पांढऱ्याचा.
पंचाहत्तर वर्षं लाल पुढे होतं,
मग कुणीतरी पुस्तक उघडून पाहिलं.
“लुदोमिर,” फोरमन म्हणाला, “ब्रश धू.”

तेव्हा चिमट्याने फिरवता येत नव्हतं गं.
बिडगोश्चच्या त्या हँगरात
चिकटपट्टी थंडीने चिकटायची नाही,
स्वेटरात पोटाशी धरून गरम करायची.
लालवर पांढरा दिला की सकाळी गुलाबी.
परत पांढरा. परत गुलाबी, पण जरा कमी.
आणि पंखाखाली उताणं पडून,
रंग बाहीतून काखेत.
एका विमानाला सहा.
विमानं किती ते मोजायचं सोडून दिलं होतं.

शेवटच्या सुखोईचा शेवटचा, हाच,
डावा पंख, खालची बाजू,
तसाच सोडला.

बंड कसलं डोंबलाचं?
सहाची बस चुकली असती.
घरी स्टेफानियाने बिटाचं सूप केलं होतं
आणि ती दुसऱ्यांदा तापवत नसे.
तक्त्यावर सही केली: सहापैकी सहा.

तीन वर्षं उडालं ते
माझं लाल घर पोटाखाली घेऊन.
खालून बघणाऱ्याला काय,
आवाज ऐकून मान वर करेपर्यंत
विमान नदीपलीकडे.
मग कधीतरी दुरुस्तीला परत आलं,
मी रजेवर होतो, कुणीतरी सरळ केलं.
मला कोणी काही विचारलं नाही.
फक्त माझ्या कपाटाच्या दारावर
खडूने काढलेली चार घरं,
लाल आधी.
मी ती पुसली नाहीत. पुढे आपोआप गेली,
कोट लागून लागून.

हं. आता सोल्यूशनचा थेंब, ब्रशच्या टोकाने.
माझा हात नको, तुझाच ने.
बघ, सुरकुतलं—
हात लावू नकोस!
सगळे इथेच घाबरतात आणि बोट घालतात.
माझ्या हाताच्या पाठीसारखं दिसतंय, दिसू दे.
अर्ध्या तासात ताणून घेईल स्वतःला,
रिव्हेटच्या खळग्यांत उतरेल,
चिकटवलंय हे कळणारसुद्धा नाही.
माझा हात काही परत ताणायचा नाही,
पण तो डेकल नाही.

तोवर चहा टाक. ही बशी नको घेऊस, दुसरी.

शनिवारी परीक्षक खाली आरसा धरतील.
जाड चष्म्यातला तो झ्बिस्लाव तर धरेलच,
आणि गुण कापेल.
कापू दे.
विचारलंच तुला,
तर सांग,
बस चुकली असती.